गुरुवारचा आखाडा

आखाड्याच्या मातीत जोडे घालून जायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगायची गरज पडेल असं कुणाला वाटलंच नसणार. देवळात जोडे काढून जा, असं आपण कुठं कुणाला सांगत बसतो? तसंच ते. पण आमच्या घराण्यात आखाड्याचा वारा कुणालाच लागलेला नव्हता. आजोबांनी पोथ्यांची बासनं सोडून जड असं काही उचलल्याचं कुणाला आठवत नाही. वडील अंबडच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यांची सगळी ताकद उजव्या हाताच्या तीन बोटांत. आणि मी मास्तर झालो, म्हणजे ती तीन बोटंसुद्धा खडूनं पांढरी केली.

निजामी राज्य होतं तेव्हा. अंबडहून बैलगाडीनं निघालं की दुपारपर्यंत पोचता येईल अशा एका गावात माझी नेमणूक होती. चौथीपर्यंतची शाळा. आमचे हेडमास्तर खास हैदराबाद शहरातले, उंच, गोरे, पांढऱ्या दाढीचे. कागदावर ते सदर मुदर्रिस, गावाच्या तोंडी सदरसाब. मराठी त्यांना कळायची, बोलता मात्र यायची नाही. त्यामुळं गावापुढं ते जे बोलतील त्याचा तर्जुमा, म्हणजे मराठी भाषांतर, करायचं काम माझ्याकडं होतं.

त्या दिवशी शाळेच्या मागं नवा आखाडा सुरू व्हायचा होता. सारा गाव जमला होता. सदरसाबांनी पलीकडून हात केला, आणि मी जालन्याहून आणलेले नवे करकरणारे जोडे घालून सरळ मधून, जवळच्या वाटेनं, लाल मातीतून चालू लागलो.

"अय्यय्य! गुरुजी! जोडे, जोडे!" गावच्या तालमीचे वस्ताद धावतच आले.

मी खाली बघितलं. मला वाटलं, माती लागून माझे जोडे खराब होताहेत म्हणून बिचारे काळजीनं ओरडताहेत. मी म्हणालो, "राहू द्या हो वस्ताद, पुसून घेईन."

गाव असा हसला, की ते हसू मला पुढं कित्येक दिवस पारावरून ऐकू येत होतं. जोडे काढून हातात घेतले. आता ते ठेवायचे कुठं ते कळेना, म्हणून काखेत धरले, आणि तसाच मी तर्जुम्याला उभा राहिलो.

आखाडा कामून काढला ते सांगितलं पाहिजे. पोरं भांडायची. शाळा सुटली की बाजारतळामागं दोन फळ्या पडायच्या आणि दगडफेक व्हायची. एका पोराचं कपाळ असं फुटलं की टाके घालायला त्याला गाडीत घालून अंबडला न्यावं लागलं. तेव्हापासून सदरसाबांच्या डोक्यात हे घोळत होतं. "बच्चे तो लडतेच हैं, मास्टरसाब," ते मला म्हणाले होते. "छुपके लडे तो पत्थर से लडते. सामने लडे तो हात से लडेंगे. तो फिर हमारे सामने क्यों न लडें?"

मी म्हणालो होतो, "पण साब, शाळेनंच भांडायची परवानगी द्यायची म्हणजे..."

"परवानगी नहीं. कायदा!" ते म्हणाले.

कायदा साधा होता. शुक्रवारी शाळेला सुटी, गुरुवारी शाळा दुपारपर्यंत. ज्या भांडणाला साक्षीदार नाही, ज्यात खरं कोण ते मास्तरला ठरवता येत नाही, ते भांडण गुरुवारी शाळा सुटल्यावर आखाड्यात सोडवायचं. ठोसा नाही, नखं नाहीत, केस धरायचे नाहीत. ज्याची पाठ टेकली त्यानं ऐकायचं. मग दोघांनी गळाभेट घ्यायची, एकाच गुळाचा खडा दातानं फोडून वाटून खायचा, आणि भांडण तिथंच संपलं. पंच म्हणून मी. ज्याला कुस्तीतलं काही कळत नाही तो पक्षपात तरी कसा करणार, असा सदरसाबांचा हिशेब!

गावाला ही गोष्ट लई पसंत पडली. मातीसाठी लोकांनी घरोघरचं ताक दिलं, तेल दिलं, हळद दिली, लिंबं दिली. वस्तादांनी ती माती आठ-आठ दिवस मळून, चाळून, लोण्यासारखी केली. आणि अशा त्या मातीत मी जोडे घालून गेलो.

तर सदरसाब बोलायला उभे राहिले. ते फार मोजकं बोलले. शाळेच्या कामात कुणाचा लिहाज, कुणाची भीडमुर्वत केली जाणार नाही, एवढंच. पण मी आधीच खजील झालेलो. काखेत जोडे, समोर दात काढणारा गाव. गेलेली अब्रू तर्जुम्यातून परत मिळवावी असं मला वाटलं असावं. मी आवाज चढवून म्हणालो, "सदरसाब म्हणतात, ह्या मातीत कुणी लहान न्हाई, कुणी मोठा न्हाई! ह्या मातीत सगळे बराबर!"

टाळ्या पडल्या. वस्तादांनी नारळ फोडला. मी घरी आलो तर बायको दारातच उभी. "जोडे बाहेरच काढा. तुमची कीर्ती तुमच्या आधी घरी पोचलीय."

सुरुवातीला खरंच बरं चाललं. दगडफेक थांबली. गुरुवारी दोन-तीन जोड्या लागायच्या. मी मध्ये उभा राहून बघायचो, आणि कुणाची पाठ टेकली ते वस्तादांच्या भुवईवरून ओळखायचो. पोरं धुळीनं माखून, हसत, एकाच गुळाला दात लावून घरी जायची. मीही मनातल्या मनात म्हणायला लागलो की आपणच गाढव, सदरसाब बराबर होते.

पुढं हळूहळू जोड्या कमी व्हायला लागल्या. मग एक गुरुवार असा आला की एकही जोड नाही. पुढचाही तसाच. सदरसाब खूश. "देखा मास्टरसाब? अमन हो गया."

अमन कसा झाला ते मला मधल्या सुटीत कळलं. दुकानदाराचा पोरगा, हिशेबात पक्का, अंगानं लोण्याचा गोळा, रोज खिशातले फुटाणे काढून एका दांडगट पोराच्या हातावर ठेवायचा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "कामून देतोस रे?"

"त्याचेच हायेत म्हणतो तो."

"आहेत का त्याचे?"

"न्हाई."

"मंग?"

"गुरुवारी ये म्हणतो, गुरुजी. गुरुवारी गेलं की पाठबी टेकायची आन फुटाणेबी द्यायचे. त्यापरीस आजच दिलेले बरे."

गुरुवारी ये. मी कान देऊन ऐकायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की आख्ख्या शाळेत दिवसभर हेच चाललं होतं. पेन्सिल दे, न्हाईतर गुरुवारी ये. जागा सोड, न्हाईतर गुरुवारी ये. कुणाची पाठ टेकणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, म्हणून आखाडा रिकामा होता. मी हे सदरसाबांना सांगितलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मगर पत्थर तो बंद है ना?" दगड बंदच होते.

शाळेत एकच पोरगा असा होता ज्याला कुणी 'गुरुवारी ये' म्हणत नव्हतं. तो बाहेर ओसरीवर बसायचा. वेसकराचा पोरगा. त्याचा बाप गावच्या वेशीची राखण करायचा, सरकारी टपाल अंबडला पोचवायचा, गावात कुणाचं ढोर मेलं तर ओढायचा, आणि राहायचा गावकुसाबाहेर. सदरसाबांनी हट्टानं त्या पोराचं नाव घातलं होतं. गावानं दोन अटी घातल्या: पोरगं ओसरीवर बसंल, आणि त्याच्या पायी तक्रार आली की त्याच दिवशी नाव कमी. बापानं दोन्हींना मान हलवली होती. आता पोरगा चौथीत होता. चौथी पास झाला की जालन्याला बोर्डिंगात घालतो, असा सदरसाबांनी बापाला शब्द दिला होता. परीक्षेला थोडेच महिने राहिले होते. तेवढे तक्रारीशिवाय निघाले पाहिजेत, हे बापाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्या पोराला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. चार वर्षं तो ओसरीवर असा बसला की आतल्या पोरांना तो तिथं आहे हे विसरायला व्हावं.

एके दिवशी मधल्या सुटीनंतर मी खिडकीतून शुद्धलेखन सांगत होतो, तर तो नुसताच बसलेला. पाटीचे दोन तुकडे मांडीवर.

"काय झालं रे?"

"फोडली, गुरुजी."

"कुणी?"

त्यानं आत बोट केलं. माली पाटलाच्या, म्हणजे गावचा वसूल बघणाऱ्या पाटलाच्या, पोराकडं. पळताना त्यानं पाटीवर पाय दिला, असं ह्याचं म्हणणं. पाटलाचा पोरगा उठून म्हणाला, "ती आधीच तडकलेली व्हती." मी वर्गाला विचारलं, कुणी बघितलं? सगळी पोरं आढ्याकडं बघायला लागली, जसं काही पाटी आढ्यावरच फुटली होती.

मी संध्याकाळी घरी सांगितलं. बायकोनं पेटीतून पाटी काढून दिली. लाकडी चौकटीची, तिच्या माहेरची. "घ्या. उद्या द्या त्याला. आन जल्दी द्या, शाळा भरायच्या आत. पोरगं वाट बघत बसंल."

दुसऱ्या दिवशी मी ती पाटी ओसरीवर ठेवली. तो हात लावीना.

"घे रे. तुलाच आहे."

"पाटी न्हाई पायजे, गुरुजी."

"मंग काय पायजे?"

"त्यानं म्हणावं, मी फोडली."

"अरे, पाटी मिळाल्याशी काम. तो म्हणो, न म्हणो."

तो खाली मान घालून म्हणाला, "साक्षीदार न्हाई ना? मंग गुरुवारी लावा. माझी आन त्याची."

मी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही. "येडा झालास का? तुझा बाप काय म्हणंल?"

"तुमीच म्हणले व्हते. ह्या मातीत सगळे बराबर. मी तिकडून ऐकलं व्हतं, भिंतीवरून."

मी म्हणालो, "तो सदरसाबांच्या बोलण्याचा तर्जुमा होता रे."

"तर्जुमा म्हंजे खोटं असतं का, गुरुजी?"

मास्तरकीत मला पुष्कळ प्रश्न आले. बऱ्याच प्रश्नांना मी 'उद्या सांगतो' म्हणून वेळ मारून नेली. ह्यालाही मी तेच म्हणालो आणि सदरसाबांकडं गेलो. मला मनातून वाटत होतं की ते म्हणतील, पागल है क्या, बिठा दो उसको. ते तसं म्हणाले असते तर मी मोकळा झालो असतो. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि ताठ बसून म्हणाले, "गवाह नहीं है?"

"नाही."

"जोड बराबर की है?"

दोघं एका वयाचे, एका अंगाचे होते. नदीत एकत्र डुंबताना मी त्यांना बघितलं होतं. वेशीबाहेरच्या पाण्यात सगळं चालायचं. मी म्हणालो, "जोड बराबर आहे. पण साब, गाव..."

"कायदा गाव के लिए नहीं बना, मास्टरसाब, मदरसे के लिए बना. लडेगा!"

गुरुवारपर्यंत मी काय केलं असं विचाराल तर काहीच नाही. एकदा वेशीपाशी जाऊन त्याच्या बापाला भेटायचं ठरवलं होतं, पण वाटेत वस्ताद भेटले आणि मी तंबाखूच्या भावावर बोलून परत आलो.

गुरुवारी दुपारी गाव पहिल्या दिवसापेक्षा जास्त जमला. पण कुणी हसत नव्हतं. पोरगा एकटाच आला. त्याच्या आईनं जुन्या धोतराचा लंगोट शिवून दिला होता, टाके मोठे मोठे पांढरे. तो मातीच्या कडेला येऊन उभा राहिला. समोर पाटलाचा पोरगा लंगोट लावून तयार. त्याच्या दंडाला त्याच्या चुलत्यानं धरलेलं.

चुलता मला म्हणाला, "गुरुजी, हे काय करून राह्यले तुमी?"

मी सदरसाबांकडं बघितलं. सदरसाब म्हणाले, "कायदा है."

"कायदा आसंल. पण अंगाला अंग लागंल का न्हाई?"

"कुस्ती है तो लगेगा," सदरसाब म्हणाले. मी त्याचा तर्जुमा केला नाही. करायची गरज नव्हती.

"आन मंग गूळ? एकाच खड्याला दोघं दात लावणार? सांगा ना गुरुजी. तुमी पंच हायेत. तुमी खासाल का तो गूळ?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "गुळाचं नंतर बघता येईल." आजही झोपेत कुणी मला विचारलं की तू आयुष्यात काय म्हणालास, तर मला वाटतं मी हेच सांगेन.

तेवढ्यात पाटलाचा पोरगा म्हणाला, "काका, सोडा. मी खेळतो. आमी नदीत खेळतोच की."

चुलत्यानं त्याच्या थोबाडीत दिली. ती एवढ्या जोरात होती की झाडावरचे कावळे उडाले. पोरगं रडलं नाही, पण नंतर त्यानं वर बघितलं नाही. ज्या दोघांचं भांडण होतं, त्यातला एक असा तिथंच संपला.

दुसरा अजून कडेला उभा होता. त्याला कुणी ये म्हणेना, जा म्हणेना. वस्तादांच्या तालमीतली पोरं मातीत उतरताना काय करतात ते त्यानं लांबून बघितलं असणार. तो वाकला, चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, आणि सरळ उभा राहिला. बस. एवढंच. पाय त्यानं आत टाकला नव्हता.

कुणी ओरडलं नाही. वस्ताद पुढं आले. ते वाईट माणूस नव्हते. पोरांच्या लचकलेल्या माना ते फुकट बसवायचे. शांतपणे म्हणाले, "संपलं सदरसाब. ह्या मातीत आता आमची पोरं उतरणार न्हाईत. ताक-तेल घराघरातलं हाय ह्यात. माती काढून नदीला टाकावी लागंल."

"एक चुटकी मिट्टी के वास्ते?" सदरसाब म्हणाले.

"चिमूट काय, पाटीभर काय. मातीत वेगळं करता येत न्हाई."

आणि गाव उठून गेला.

शुक्रवारी सकाळी माती काढायचं ठरलं. आता ती काढणार कोण? विटाळलेली माती गावातलं कुणी उचलीना. मग चुलत्यानंच ती अडचण सोडवली. असली कामं ज्याच्याकडं असतात त्याच्याकडंच ते गेलं. वेसकराला बोलावणं धाडलं.

तो कुदळ आणि टोपली घेऊन आला. बरोबर पोरगा. शाळेची जागा म्हणून देखरेखीला मी. मी लिंबाखाली सावलीत स्टूल टाकून बसलो होतो. बाप खणायचा, पोरगा टोपली भरून गाड्यात टाकायचा. ज्या मातीत काल त्याला उतरता आलं नव्हतं, तिच्यात तो आज गुडघाभर उभा होता, आणि कुणाची हरकत नव्हती. हळदीचा, ताकाचा वास येत होता. पोरगा एकदाही माझ्याकडं बघून बोलला नाही. खणून खणून खाली काळी ढेकळं लागली तेव्हा बाप थांबला. घाम पुसत म्हणाला, "लई चांगली माती व्हती, गुरुजी."

मी म्हणालो, "उद्या पोराला पाठव. पाटी माझ्याकडं आहे."

"आता न्हाई यायचा त्यो."

"अरे, चौथीचे थोडेच महिने राहिलेत. सदरसाबांनी शब्द दिलाय."

"तक्रार झाली ना, गुरुजी. बोली तशीच व्हती."

"तक्रार त्याची होती! त्याच्यावर कुणाचीच नव्हती!"

बापानं टोपली पालथी घालून आपटली, चिकटलेली माती झाडली. मला समजावून सांगावं तसं म्हणाला, "आमच्यात ते दोन्ही एकच आसतं."

मी फार शिकलेला नसलो तरी कायद्याची कलमं वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेली. एवढं छोटं आणि एवढं पक्कं कलम मी पुन्हा ऐकलं नाही.

सदरसाब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः चालत वेशीबाहेर गेले. परत आले तेव्हा फार थकल्यासारखे दिसत होते. त्यांनीच सांगितलं, "बाप हात जोडके खडा रहा. लडका बाहर नहीं आया." मग म्हणाले, "मास्टरसाब, वो पहले दिन की तकरीर... मैं ने 'सब बराबर' कहा था क्या?"

"नाही साब. ते मी घातलं."

मला वाटलं आता चिडतील. पण म्हणाले, "अच्छा डाला था." हसायचा प्रयत्न केला त्यांनी, जमलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची तेलंगणाकडं बदली झाली.

खड्ड्यात पावसाचं पाणी साठायला लागलं, म्हणून तो बुजवून टाकला. बाजारतळामागं दगड परत सुरू झाले. नव्या हेडमास्तरांनी छडी आणली; ज्याचं भांडण दिसेल त्या दोघांनाही सारखं मारायचं, हा त्यांचा न्याय. पोरं लपून भांडायला शिकली, एवढाच फरक. दुकानदाराचा पोरगा फुटाणे देतच राहिला.

आमच्या घरात आता पुतण्या मास्तर झालाय. परवा सणाला सगळे जमलो होतो, तर पंगतीत मला म्हणाला, "काका, तुम्ही इतकी वर्षं मास्तरकी केली, तुम्हीच सांगा. पोरांची भांडणं पोरांनाच कुस्तीबिस्तीत सोडवू द्यावीत का शाळेनं? का बिलकुल भांडू देऊ नये?" घरातली पोरंबाळं कान टवकारून बसली, त्यांना वाटलं आता काका जोड्यांची गोष्ट सांगणार. मी ती सांगितली, आणि ती खो खो हसली. पुढचं मी सांगितलं नाही. पुतण्याला म्हणालो, भांडू दिलं तर जो दांडगा त्याचं खरं होतं. आणि भांडू नाही दिलं तर जो दांडगा त्याचं आधीच खरं झालेलं असतं. तो म्हणाला, "हे काही उत्तर झालं नाही काका." मी म्हणालो, "नाहीच झालं. भात घे."

कारण भांडायची परवानगी हीसुद्धा एक परवानगीच असते, आणि ती कुणाला मिळते ते आधी ठरलेलं असतं, हे मला त्या गुरुवारी दिसलं होतं. दिसलं म्हणजे काय, मी तिथं पंच होतो. ज्या एका पोरानं शाळेचा कायदा शब्दाला शब्द धरून खरा मानला, त्याच्यासाठीच तो कायदा नव्हता. मंग चांगला कायदा कोणता, वाईट कोणता, ह्यावर मी पंगतीत काय बोलणार?

पोरगा मला त्यानंतर एकदाच नीट भेटला. वर्ष-दीड वर्ष झालं असंल. मी अंबडला पगार आणायला गेल्तो, परत येताना गाडी वेशीत थांबली. बापाच्या जागी तो उभा होता. हातात बापाची काठी, डोक्याला बापाचं मुंडासं, ते अजून त्याला मोठं व्हायचं. पाटलाच्या पोराचा चुलता माझ्या पुढच्या गाडीत होता. त्याच्या गाडीवानानं चाबकाची दोरी चालता चालता पोराच्या खांद्यावर अशीच, गंमत म्हणून, ओढली. पोरगा नुसता बाजूला सरकला. वर बघितलं नाही, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मग माझी गाडी आली. शाळेत तो मला 'नमस्ते गुरुजी' म्हणायचा, सदरसाबांनी शिकवल्यासारखं स्पष्ट. आता काठी जमिनीला टेकवून, कमरेत वाकून म्हणाला, "जोहार, मायबाप."

मी विचारलं, "बरा आहेस ना?"

"बरं हाय जी."

"काही वाचतोस का?"

"टपालावरचं गाव वाचतो जी." आणि गाडीला वाट करून द्यायला तो आणखी मागं, भिंतीला लागून उभा राहिला.

घरी आलो. बायको ज्वारी पाखडत होती. मी पाणी प्यालो, आणि तिला सगळं सांगितलं. चाबकाची दोरी, मुंडासं, जोहार. ती सूप हलवत ऐकत होती. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून मी शेवटी म्हणालो, "पण शांत झालाय हं आता. अगदी शहाण्यासारखा वागतो."

तिचं सूप थांबलं.

"भांडत न्हाई ना आता कुणाशी?" ती म्हणाली. "मंग झालं की तुम्हा सगळ्यांच्या मनासारखं."